एक पौंड धान्य आणि सत्तावीसशे उष्मांक



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो संपावर बोलणार, कायद्यावर बोलणार, फार तर साखरधंद्याच्या अर्थकारणावर बोलणार, अशी लोकांची समजूत असते. आम्ही विषय निवडला आहे तो मात्र सजीवांचे शरीर ज्या द्रव्यांचे बनते त्या द्रव्यांचा. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतरची आमची शाळा म्हणजे कारखान्याचे बॉयलिंग हाऊस, तालुक्याचे ग्रंथालय आणि रात्रपाळीतले रिकामे तास. तेव्हा या विषयाच्या वाटेला आम्ही कसे गेलो, ते आधी सांगितले पाहिजे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालू होती. कारखाना कोणता हे सांगण्याचे कारण नाही. आमच्या मागणीपत्रातले पहिलेच कलम असे होते की, १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने ठरविलेल्या निकषाप्रमाणे, म्हणजे माणशी रोज २७०० कॅलरी धरून, किमान वेतन मिळावे. समोरच्या अधिकाऱ्याने चष्मा पुसत विचारले, "कॅलरी म्हणजे काय हो?" आम्ही गप्प राहिलो. कलम आम्ही जुन्या मागणीपत्रातून उतरवून घेतले होते. शब्द पाठ होता, अर्थ ठाऊक नव्हता. मग तो गृहस्थ म्हणाला, "अहो, साखरेच्या पोत्यांत राबता. रोज चार मुठी साखर तोंडात टाका, भरतील तुमच्या कॅलरी!" सगळे हसले. आमच्या बाजूचेही दोघे हसले. ते हसणे आमच्या मनातून गेले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही निघालो, आणि शोधता शोधता असे आढळले की त्या उत्तराचा इतिहास आपल्याच नीरेच्या कालव्यापासून सुरू करता येतो.

बावड्यापासून जवळच, नरसिंहपूरला, नीरा आणि भीमा एकत्र येतात. दोन नद्यांच्या मधला हा मुलूख पूर्वी पावसाच्या भरवशावरचा, ज्वारीचा आणि दुष्काळाचा होता. नीरेचे पाणी डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणण्याचे काम १८७६ च्या दुष्काळात हाती घेतले गेले, ते दुष्काळी काम म्हणूनच. १८८५ साली कालवा वाहू लागला. पुढे त्या पाण्यावर ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. वालचंदनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर आणि नदीपलीकडे माळीनगर व अकलूज येथे चिमण्या उभ्या राहिल्या. या सगळ्या गोडव्याच्या मुळाशी उपाशी माणसांनी वाहिलेल्या मातीच्या पाट्या आहेत, हे आपण विसरता कामा नये.

त्या माणसांना मजुरी किती द्यावी, हा त्या वेळचा मोठा वाद होता. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी मुलखाची पाहणी करण्यास धाडले. याच टेंपल यांनी १८७४ साली बिहारच्या टंचाईत भरपूर धान्य आणवून माणसे वाचविली होती, आणि फार खर्च केला म्हणून वरिष्ठांचे बोल खाल्ले होते. या खेपेस त्यांनी हात आखडता घेतला. १८७७ च्या आरंभी त्यांनी ठरविले की दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जुजबी पैसे पुरेत. इतिहासात याला 'टेंपल मजुरी' म्हणतात. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य पुरत नाही आणि नुसते धान्यही पुरत नाही, डाळ-भाजीही हवी, असा त्यांचा मुद्दा होता. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी दुसऱ्या पद्धतीने उत्तर दिले. मजुरी कमी होताच हजारो माणसे कामे टाकून चालती झाली. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठविले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला तो १८७५ साली, म्हणजे या दुष्काळाच्या एकच वर्ष आधी. युनियन हा शब्द ठाऊक नसलेल्या लोकांनी केलेला तो संपच होता, असे आम्ही मानतो. मद्रासमध्ये सरकारला काही महिन्यांतच मजुरी पुन्हा वाढवावी लागली.

आता आजच्या ज्ञानाने त्या एक पौंडाचा हिशेब करून पाहू. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० उष्मांक असतात. म्हणजे टेंपलसाहेबांच्या मजुरीत धान्याचे सोळाशेच्या आसपास उष्मांक होते. उष्मांक म्हणजेच कॅलरी. एक किलो पाण्याची उष्णता एक अंशाने वाढविण्यास जेवढी आच लागते ती एक आहारातली कॅलरी. बॉयलरवर काम करणाऱ्या आमच्या बांधवांसाठी सांगतो, २७०० कॅलरी म्हणजे सत्तावीस लिटर बर्फासारखे गार पाणी उकळीला आणण्याइतकी आच. एवढी आच रोज आपल्या देहातून जाते आणि ती अन्नातूनच यावी लागते.

देहाची ऊब आणि चुलीतला जाळ यांचे नाते प्रथम मोजून दाखविले ते फ्रान्सच्या लाव्हाझिए याने. लाप्लास या गणितज्ञाच्या साहाय्याने १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, किती बर्फ वितळले ते मोजले, आणि श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे असा निष्कर्ष काढला. पुढे त्याने आपल्या सहकाऱ्यावरच प्रयोग केले. विसावलेला माणूस जेवढा प्राणवायू घेतो त्याच्यापेक्षा काम करणारा पुष्कळ अधिक घेतो, असे दिसून आले. १७८९ च्या निबंधात हे मांडताना लाव्हाझिएला एक प्रश्न छळू लागला. जो हातांनी राबतो त्याचे शरीर जास्त जळते, त्याला अन्न जास्त हवे. मग त्याच्याच ताटात कमी आणि रिकाम्या बसणाऱ्याच्या ताटात जास्त, हे कसे? हा लाव्हाझिए काही गरिबांचा पुढारी नव्हता. तो सरकारी कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांपैकी होता, आणि त्याच कारणाने १७९४ साली क्रांतीत त्याचा शिरच्छेद झाला. पण मोजमाप प्रामाणिक असले म्हणजे ते माणसाला कुठवर घेऊन जाते, याचे हे उदाहरण आहे.

अन्न हे सरपण आहे एवढे ठरले. पण सगळे सरपण एका जातीचे नव्हते. १८२७ साली विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने अन्नाचे तीन वर्ग पाडले: शर्करेच्या जातीचे, तेलाच्या जातीचे आणि अंड्याच्या बलकाभोवती असणाऱ्या पांढऱ्या द्रव्याच्या जातीचे. दोनशे वर्षे होत आली तरी ही विभागणी टिकून आहे. त्यांनाच आज आपण कर्बोदके, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने म्हणतो.

पहिला वर्ग समजून घेण्यास साखर कारखान्यासारखी दुसरी शाळा नाही. साखरेच्या एका रेणूत कर्बाचे १२, हायड्रोजनचे २२ आणि प्राणवायूचे ११ अणू असतात. हा रेणू म्हणजे दोन लहान शर्करांची जोडी, एक द्राक्षशर्करा म्हणजे ग्लुकोज आणि दुसरी फलशर्करा म्हणजे फ्रुक्टोज. ही जोडी नाजूक असते. ऊस तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडला की त्यातलेच एक द्रव्य ही जोडी फोडू लागते आणि उतारा घसरतो. आंबट रस तसाच तापविला तरी जोडी फुटते, म्हणून रसात चुना घालावा लागतो. आम्ही कित्येक वर्षे चुन्याच्या टाकीजवळ उभे राहिलो, परंतु चुना कशासाठी हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. रसातला मळ काढण्यासाठी, एवढेच ठाऊक होते. जोडी सांभाळण्यासाठीही तो असतो, हे पुस्तकातून कळले.

याच द्राक्षशर्करेचे शेकडो-हजारो मणी एका पद्धतीने ओवले म्हणजे पिष्ट होते, ज्वारीच्या दाण्यात असते ते. तेच मणी दुसऱ्या पद्धतीने ओवले म्हणजे काष्ठतंतू होतो, जो चिपाडात आणि उसाच्या वाढ्यात असतो. मणी तेच, ओवण्याची तऱ्हा निराळी. पण या तऱ्हेमुळे केवढा फरक पडतो पाहा. भाकरी माणसाच्या पोटात पचते, चिपाड पचत नाही. बैलाच्या पोटात मात्र असे सूक्ष्म जंतू राहतात की ते ही दुसरी गाठही सोडवितात, म्हणून बैल वाढ्यांवर जगतो. कारखान्याचा बॉयलर तर चिपाडावरच चालतो. म्हणजे उसाच्या गाडीबरोबर येणारा बैल, ती गाडी भरणारा माणूस आणि ती मोळी गिळणारा कारखाना, हे तिघेही एकाच मण्याच्या तीन माळा जाळीत असतात. ग्लुकोजच्या रेणूतले अणू कसे बसलेले आहेत, हे जर्मनीच्या एमिल फिशरने १८९१ साली उलगडले. त्याबद्दल त्याला १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्निग्ध पदार्थांविषयी थोडक्यात सांगतो. शेवरल या फ्रेंच रसायनज्ञाने १८२३ सालच्या ग्रंथात दाखविले की तेल-चरबी ही ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांची बनलेली असतात. तेलाच्या एका ग्रॅमात साखरेच्या दुपटीहून अधिक आच असते. साखरेचे व प्रथिनांचे ग्रॅमला ४ आणि तेलाचे ९ उष्मांक हा हिशेब अमेरिकेतील अ‍ॅटवॉटर याने गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर बसविला. माणसाला खोलीएवढ्या उष्णतामापकात दिवस-दिवस ठेवून त्याने मोजमापे केली होती.

तिसरा वर्ग प्रथिनांचा. यांत कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या जोडीला नत्र असतो. शेताला युरिया घालतो तोच हा नत्र. डच रसायनज्ञ मुल्डर याने १८३८ साली 'प्रोटीन' हे नाव छापले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'अग्रस्थानी असलेले' असा होतो, आणि आपल्या 'प्रथिन' शब्दातही 'प्रथम' ऐकू येतो. नाव मोठे मिळाल्यामुळे एक मोठी चूकही झाली. लीबिग हा त्या काळचा थोर रसायनशास्त्रज्ञ म्हणू लागला की स्नायू काम करतो तो प्रथिन जाळून. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनुस हे दोन शास्त्रज्ञ प्रथिनांचे अन्न वर्ज्य करून, पिष्ट, चरबी आणि साखर यांवर राहून, स्वित्झर्लंडमधले फाउलहॉर्न हे शिखर चढले. लघवीतल्या नत्रावरून त्यांनी अंगातले किती प्रथिन जळाले ते मोजले. चढण्याला लागलेल्या शक्तीचा हिशेब तेवढ्यात बसेना. म्हणजे कामाचे सरपण मुख्यतः पिष्ट आणि तेल हेच होते.

मग प्रथिन कशासाठी? घरासाठी. स्नायू, रक्तातले लाल द्रव्य आणि पचनाची क्रिया घडविणारी विकरे हे सारे प्रथिनांचे असते. कर्बोदके आणि तेल हे चुलीतले सरपण, तर प्रथिन म्हणजे घराचे वासे. पण सरपण संपले म्हणजे काय होते? उपाशी देह आपल्या घराचेच वासे काढून चुलीत घालतो. दुष्काळातल्या माणसाच्या अंगावरचे मांस झडते ते यामुळे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

प्रथिनांचेही मणी असतात, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांच्या वीस जाती आहेत आणि त्यांपैकी नऊ माणसाला अन्नातूनच मिळवाव्या लागतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचे आम्ल कमी पडते. डाळीत ते भरपूर असते, पण तिच्यात दुसरे एक कमी असते, ते ज्वारी पुरविते. आमच्या आईने भाकरीबरोबर पिठले दिले ते शास्त्र वाचून नव्हे, पण शास्त्राला धरूनच.

चौथे द्रव्य सर्वांत उशिरा समजले. १८६९ साली मिशर या स्विस तरुणाने जर्मनीतल्या ट्यूबिंगेन गावी, इस्पितळातल्या जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन पेशींच्या केंद्रातून ते काढले. त्याचे रूप कळायला १९५३ साल उजाडले. रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण चित्रांच्या आधाराने वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची दुहेरी शिडी उभी केली. या न्यूक्लिक आम्लात देह कसा बांधावा याची सगळी लिखापढी असते. १९३२ साली स्थापन झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली को ८६०३२ ही जात शेतकऱ्यांना दिली आणि तिला 'नीरा' हे नाव ठेवले. ऊस आपण टिपरी लावून वाढवितो. म्हणून या जातीचे जेवढे ऊस आज शिवारात उभे आहेत, ते सारे एकाच मूळ रोपाच्या लिखापढीच्या नकला आहेत.

असो. ही सारी विद्या युरोपच्या प्रयोगशाळांत वाढली. ती आपल्या ताटापर्यंत कशी आली?

तामिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी पहिल्या महायुद्धानंतर आहाराची प्रयोगशाळा वाढविली. निरनिराळ्या प्रांतांतले लोक जे खातात ते त्यांनी उंदरांना खाऊ घातले. शिखांचा गहू-दूध-डाळीचा आहार पहिला ठरला, पठाणांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा. मद्रासचा कांडलेल्या पांढऱ्या तांदळाचा आहार शेवटी आला. त्यांच्यानंतर १९३५ मध्ये डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड तेथे संचालक झाले. १९३७ साली त्यांनी हिंदी अन्नपदार्थांतील घटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. ज्वारीत शेकडा सुमारे १० प्रथिन, तूरडाळीत २२, शेंगदाण्यात २५, असले जे आकडे आज शाळेच्या पुस्तकात सापडतात त्यांचे मूळ त्या कोष्टकाच्या घराण्यात आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावरही अ‍ॅक्रॉइड होते. पुढे १९६७ साली त्यांनी साखरेचा आणि गुलामगिरीचा इतिहास लिहिला आणि ग्रंथाच्या नावातच साखरेला गोड गुन्हेगार ठरविले. आम्हां साखर कामगारांना हे नाव झोंबते, पण ते खोटे म्हणता येत नाही.

याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून काम केलेल्या एका मराठी बाईंची आठवण येथे केलीच पाहिजे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवत यांची धाकटी बहीण. जन्म १९११ चा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे श्वसनाला लागणारे द्रव्य असते असे दाखविले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. विज्ञानात ती मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्या अग्रभागी आहेत. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी गरिबांच्या खाण्यापिण्यातल्या पदार्थांचा अभ्यास केला. ताडाच्या झाडाची नीरा कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना गुणकारी आहे, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. श्रीमंताच्या टॉनिकवर काम करायला शेकडो माणसे मिळतात. त्यांनी नीरा आणि डाळ निवडली.

आता आमच्या मागणीपत्राकडे येऊ. जुलै १९५७ मध्ये दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून किमान वेतन कसे काढावे याचे माप ठरविले. कमावणारा एक, खाणारे तीन 'घटक': पुरुष एक, बायको ०.८ आणि दोन मुले ०.६ प्रमाणे. प्रत्येक घटकामागे डॉ. अ‍ॅक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे २७०० उष्मांकांचे अन्न, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाचा २० टक्के भाग. टेंपलसाहेबांच्या सोळाशेपासून सत्तावीसशेपर्यंत यायला ८० वर्षे लागली. मजुरी म्हणजे मालकाची मर्जी नव्हे, ती मोजून काढता येते, हे प्रथमच कागदावर आले.

कागदावरचे अंमलात येतेच असे नाही. दुसऱ्या वेतन आयोगाने हे माप परवडणारे नाही असे ठरविले. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांचा देशभर संप झाला, त्याच्या मुळाशी हेच माप होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने १९५७ चे माप उचलून धरले आणि मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के त्यात धरावेत असा निर्णय दिला.

मधल्या काळात पुण्यात एक वाद झाला, तो प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी २२५० उष्मांकांचे माप घेऊन देशातले दारिद्र्य मोजले. ग्रामीण भागातले शेकडा ४० आणि शहरांतले ५० लोक त्या मापाखाली निघाले. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी जवळजवळ वीस वर्षे सांख्यिकीचे संचालकपद सांभाळले होते. जगभर प्रथिनांच्या टंचाईचा गवगवा चालू असता त्यांनी सांगितले की गरिबाला प्रथिनाची गोळी नको, पोटभर भाकरी-डाळ हवी. अन्नच कमी पडले तर खाल्लेले प्रथिनही सरपण म्हणून जळून जाते. चुलीत वासे जाण्याची गोष्ट ती हीच. येथवर आम्ही सुखात्म्यांचे ऋणी आहोत.

पण पुढे त्यांनी असेही मांडले की एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, देह कमी-अधिक खाण्याशी जुळवून घेतो, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजू नये. माप खाली आणावे. दांडेकरांनी याला विरोध केला. दोघेही मोठे, दोघेही प्रामाणिक. शास्त्राचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. कामगार म्हणून एवढेच म्हणतो की, देह जुळवून घेतो हे खरे आहे, पण तो कशात कपात करून जुळवून घेतो ते पाहावे. ज्याच्या कामाचा दर टनावर आहे त्याने कामात कपात केली तर मजुरी जाते. म्हणून तो अंगात कपात करतो. आम्ही स्वतः १९७२ च्या दुष्काळात अंगावर पिणारे मूल होतो. आई खडी फोडायला जात असे. तिने कसे जुळवून घेतले हे तिच्या हाडांनी पुढे तीस वर्षे सांगितले.

२०१९ साली केंद्र सरकारच्या एका तज्ज्ञ समितीने नवे माप सुचविले: २४०० उष्मांक, ५० ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि खाणारे घटक तीनऐवजी ३.६. वेतन संहितेच्या नियमांचा जो मसुदा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला त्यात मात्र २७०० हा जुना आकडा आणि तीनच घटक ठेवले होते. समितीने तीनशे उष्मांक काढून घेतले, याचा निषेध आम्ही करतोच. परंतु प्रथिन आणि स्निग्धांश मापात घातले, खाणारी तोंडे वाढवून धरली, हे चांगले केले असेही म्हणतो. एका हाताने दिलेले आणि दुसऱ्या हाताने घेतलेले वेगवेगळे ओळखायचे तर चारही आकडे वाचता आले पाहिजेत.

येथे आम्ही त्या जुन्या प्रश्नापाशी परत येतो. चार मुठी साखरेने कॅलरी भरतील का? चार मुठींनी नाही, पण पावणेसातशे ग्रॅम साखरेत २७०० उष्मांक नक्की भरतात. आणि प्रथिन? शून्य. तेल? शून्य. चूल धडधडेल आणि घर कोसळेल. त्या अधिकाऱ्याची थट्टा आकड्यात बरोबर होती आणि अर्थात चुकीची होती. मजुरीच्या मापात नुसता उष्मांकांचा आकडा असला तर तो आकडा स्वस्तातल्या स्वस्त पदार्थाने भरून दाखविता येतो, ही त्या मापातली उणीव होय. आज आमच्या ऊसतोड बांधवांच्या बाबतीत प्रत्यक्ष हेच घडते. पहाटे चार वाजता फडात निघताना पोटात काय असते? दोन कप गोड चहा आणि रात्रीची शिळी भाकरी चटणीबरोबर. चहातल्या साखरेने भूक मरते आणि हात हलू लागतात, डाळ मात्र आठवडे बाजाराच्या दिवशीच दिसते.

त्यांच्यासाठी तर उष्मांकांचे मापही नाही. त्यांचा दर टनाला, तोही मुकादमामार्फत आणि उचलीच्या वजावटीने. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते. १९५७ च्या मापात त्या बाईला ०.८ धरले आहे आणि तिची कमाई हिशेबातच घ्यायची नाही असे ठरलेले आहे. घरी बसणाऱ्या बाईसाठी तो हिशेब असेल. मोळी घेऊन फळी चढणाऱ्या बाईचे माप अजून कोणी काढलेले नाही. लाव्हाझिएचा प्रश्न सव्वादोनशे वर्षांनंतरही आमच्या फडात उभा आहे.

दुष्काळी कामावरच्या माणसांना उष्मांक हा शब्द ठाऊक नव्हता. एक पौंडात भागत नाही हे त्यांना पोटाने कळले आणि ते चालते झाले. आज शब्द आहे, कोष्टके आहेत, न्यायालयाचे निवाडे आहेत. उणीव आहे ती आमच्या वाचण्याची. म्हणून आमच्या युनियनने ठरविले आहे की पुढच्या मागणीपत्रात उष्मांक, प्रथिन आणि स्निग्धांश हे तिन्ही आकडे लिहावयाचे, ऊसतोडीच्या दरासाठीही तेच माप मागावयाचे, आणि त्या आकड्यांचा अर्थ समजून घेतल्याशिवाय एकाही प्रतिनिधीला बोलणीस पाठवावयाचे नाही. आम्ही एकदा गप्प बसलो, पुन्हा कोणावर ती पाळी येऊ नये.